विश्लेषण : ‘नाकाने कांदे सोलणे’ हे कौतुक की टोमणा? वाक्प्रचार पाठ असूनही वापरताना का फसतो?

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत कोजागरीच्या रात्री मिसळीचा बेत होता. शंभरेक माणसांना पुरेल एवढा कांदा एका काकूंनी दुपारपासून बसून एकटीने सोलला, चिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आभाराचा मेसेज पडला : ‘काकू, तुमच्यासारख्या तुम्हीच. तुम्ही तर नाकाने कांदे सोलता!’ पुढे हात जोडल्याची तीन चिन्हे.

मेसेज लिहिणारी तरुणी नोकरीनिमित्त उत्तर प्रदेशातून नाशिकला आलेली. दोन वर्षांत भाजीवाल्याकडून, ऑफिसातून, शेजारणींकडून कानावर पडेल ते मराठी तिने हौसेने उचलले. तिला म्हणायचे होते, ‘एवढे अवघड काम तुम्ही किती सहज करता!’ काकूंनी मात्र वाचले ते भलतेच. त्या काही न लिहिता ग्रुपमधून बाहेर पडल्या. दुपारपर्यंत अर्धी सोसायटी हसत होती आणि अर्धी त्या मुलीला उद्धट ठरवून मोकळी झाली होती.

एका वाक्प्रचाराने एवढे बिनसावे असे त्यात काय आहे? तो नेमका कधी, कोणासाठी आणि कसा वापरायचा?

‘नाकाने कांदे सोलणे’ म्हणजे काय?

आपण फार शुद्ध, नीतिमान किंवा शहाणे आहोत असा आव आणणे, आणि तोही तसे नसताना. या अर्थाचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे आव. दुसरा भाग म्हणजे विसंगती, म्हणजे बोलणे आणि वागणे यांतले उघड अंतर. दोन्ही असतील तरच हा वाक्प्रचार बसतो.

उदाहरण घेऊ. एक गृहस्थ रोज उलट्या दिशेने गाडी घालून रस्ता ओलांडतात आणि संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर वाहतुकीच्या शिस्तीवर व्याख्यान देतात. त्यांना कोणी म्हणाले, ‘स्वतः रोज राँग साइडने येता आणि वर नाकाने कांदे सोलता?’ तर ते अचूक आहे. विधिमंडळात किंवा पत्रकार परिषदेत एक पक्ष दुसऱ्याला सांगतो, ‘तुमच्या काळात काय झाले ते आठवा, उगाच नाकाने कांदे सोलू नका.’ तिथेही दोन्ही भाग हजर आहेत.

आता कोजागरीच्या मेसेजकडे पाहा. काकूंनी आव आणला नव्हता, उपदेश केला नव्हता. त्यांनी खरेच कांदे सोलले होते, तेही हाताने. म्हणजे वाक्प्रचारातला प्रत्येक शब्द प्रसंगाशी जुळत होता आणि अर्थ अजिबात जुळत नव्हता. शिकणारा फसतो तो नेमका इथे.

मग त्या मुलीला कोणता वाक्प्रचार हवा होता?

‘हातचा मळ असणे’. हिंदीत ज्याला ‘बाएँ हाथ का खेल’ म्हणतात, त्याच्या जवळचा हा मराठी वाक्प्रचार. ‘शंभर माणसांची मिसळ म्हणजे काकूंच्या हातचा मळ’ असे लिहिले असते तर काकू खूश झाल्या असत्या.

यात एक गंमत आहे. ‘मळ’ हा शब्द ऐकायला घाण वाटतो, पण वाक्प्रचार कौतुकाचा आहे. ‘नाक’ आणि ‘कांदा’ हे दोन्ही निरुपद्रवी शब्द, पण वाक्प्रचार टोमण्याचा आहे. थोडक्यात, आतल्या शब्दांवरून वाक्प्रचाराचा रंग ओळखता येत नाही. तो बोलणाऱ्यांच्या तोंडूनच कळतो.

म्हण आणि वाक्प्रचार यांत फरक काय?

म्हण हे पूर्ण वाक्य असते. ती जशीच्या तशी उचलून बोलण्यात ठेवता येते. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण अर्थाने आपल्या वाक्प्रचाराची सख्खी बहीण आहे. पण ती म्हणताना कर्ता जोडावा लागत नाही, काळ बदलावा लागत नाही. कोणाचे नाव न घेता ती हवेत सोडता येते आणि ज्याला लागायची त्याला लागते.

वाक्प्रचाराचे तसे नाही. ‘नाकाने कांदे सोलणे’ हा अर्धवट तुकडा आहे. कोण सोलतो, कधी, कोणासमोर हे बोलणाऱ्यालाच भरावे लागते. म्हणूनच म्हण चुकली तर फार तर विनोद होतो. वाक्प्रचार चुकला तर तो एखाद्या माणसावर जाऊन आदळतो.

या वाक्प्रचारात नाकच का?

मराठीत नाक हा प्रतिष्ठेचा अवयव आहे. अब्रू गेली की नाक कापले जाते, माफी मागायची तर नाक घासावे लागते, नावडते दिसले की नाक मुरडले जाते. आपली पायरी ओलांडून वरचढ होणाऱ्याला ‘नाकापेक्षा मोती जड’ ऐकावे लागते. अशा मानाच्या अवयवाने कांदा सोलायचा, म्हणजे हात मळू न देता, वास न लागू देता काम केल्याचा देखावा करायचा. ते शक्य नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. त्या अशक्य चित्रातूनच टोमण्याला धार येते.

नाशिककरांना या नाकाचे जरा जास्तच अप्रूप. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते इथे, पंचवटीत, आणि नासिकेवरून गावाचे नाव नासिक पडले, अशी कथा घरोघरी सांगितली जाते. नऊ टेकड्यांच्या ‘नवशिखां’वरून नाव आले असेही सांगणारे आहेत. इंदिरानगरापासून जवळच असलेल्या पांडवलेण्यांतल्या प्राकृत शिलालेखांत ‘नासिक’ हे नाव कोरलेले आहे. म्हणजे ते सुमारे दोन हजार वर्षे तरी टिकून आहे. आणि कांद्याबद्दल जिल्ह्याला वेगळे सांगायची गरज नाही.

नाकाचे वाक्प्रचार एकमेकांच्या जागी चालतात का?

नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच. चार वाक्प्रचार शेजारी ठेवून पाहू.

नाक मुरडणे म्हणजे नापसंती दाखवणे. ‘पोह्यांत शेंगदाणे नाहीत म्हणून त्याने नाक मुरडले.’ इथे ढोंग नाही, फक्त नावड आहे.

नाकासमोर चालणे म्हणजे सरळमार्गी असणे. ‘तो आपला नाकासमोर चालणारा माणूस.’ हे बहुतेक वेळा कौतुक असते, कधी त्यात थोडी कीव मिसळलेली असते.

नाकावर टिच्चून म्हणजे विरोधकाच्या डोळ्यांदेखत, त्याला न जुमानता. ‘सगळ्यांच्या नाकावर टिच्चून तिने पोलीस भरतीची परीक्षा दिली आणि पास झाली.’

नाकी नऊ येणे म्हणजे अतिशय दमछाक होणे. ‘बोगद्याजवळच्या कोंडीतून गाडी काढताना माझ्या नाकी नऊ आले.’

‘नाकाने कांदे सोलणे’ या चौघांपेक्षा वेगळे, कारण ढोंगाचा आरोप फक्त त्यातच आहे. एखाद्याला तिखट मिसळ आवडली नाही, तर तो नाक मुरडतो. पण घरी रोज पापुद्रे निघेपर्यंत तिखट खाणारा माणूस चार लोकांत ‘आम्ही बाई सात्त्विकच खातो’ म्हणू लागला, तर तो नाकाने कांदे सोलतो.

वाक्यात कसा बसवायचा?

पहिला नियम : शब्द बदलायचे नाहीत. कांद्याच्या जागी लसूण नको, सोलण्याच्या जागी चिरणे नको. ‘नाकाने कांदा सोलतो’ असे एकवचनही कानाला खटकते. शब्दांची जागा मात्र थोडी हलवता येते. ‘कशाला उगाच नाकाने कांदे सोलतोस?’ आणि ‘कांदे कशाला सोलतोस नाकाने?’ ही दोन्ही वाक्ये बोलण्यात येतात.

दुसरा नियम : कर्ता माणूस हवा, किंवा माणसांसारखे बोलणारी संस्था. पक्ष, सरकार, कंपनी, वर्तमानपत्र चालेल. ‘या फ्रिजने नाकाने कांदे सोलले’ चालणार नाही, कारण फ्रिज आव आणत नाही.

तिसरा नियम : क्रियापद सवय किंवा पवित्रा दाखवणारे असावे. ‘सोलतो’, ‘सोलत असतात’, ‘सोलू नका’, ‘सोलणारे’ ही रूपे सहज येतात. ‘तिने काल सकाळी दहा वाजता नाकाने कांदे सोलले’ असे लिहिले की वाचणारा घोटाळ्यात पडतो आणि खरेच कांदे डोळ्यांपुढे आणतो.

चौथा नियम : स्वतःबद्दल वापरायचा तर नकार देऊन. ‘मी काही नाकाने कांदे सोलत नाही, माझ्याकडूनही चुका झाल्यात’ हे वाक्य चांगले आहे. उपदेश करण्याआधी ते म्हटले तर समोरचा नीट ऐकून घेतो.

प्रत्येक वाक्प्रचाराचे व्याकरण असे वेगळे असते. ‘नाकी नऊ’ मध्ये ‘नाकी’ हे जुने सप्तमीचे रूप आहे, ‘घरी’, ‘दारी’ यांसारखे. त्यामुळे ‘नाकात नऊ आले’ चूक. ‘मला नाकी नऊ आले’ हेही चूक; ‘माझ्या नाकी नऊ आले’ बरोबर. दमवणारा कोणी असेल तर ‘मुलांनी माझ्या नाकी नऊ आणले’.

कोणी कोणाला म्हणायचा?

अर्थ आणि व्याकरण बरोबर असूनही वाक्प्रचार चुकू शकतो, कारण नाते चुकते. हा टोमणा बरोबरीच्या माणसाला किंवा लहानाला तोंडावर चालतो. मित्र मित्राला, बहीण भावाला सहज म्हणते, ‘बस कर, नाकाने कांदे सोलू नकोस.’ सुनेने सासूला, विद्यार्थ्याने बाईंना, कनिष्ठाने साहेबांना तोंडावर म्हटले तर तो उघड अपमान होतो. त्यातले ‘सोलता’ हे आदरार्थी रूप अपमान कमी करत नाही. उलट, आदराचे रूप आणि टोमण्याचा मजकूर एकत्र आला की तो जास्त झोंबतो. काकूंना तेच झोंबले.

व्हॉट्सअ‍ॅपवर अडचण आणखी वाढते. समोरासमोर बोलताना चेहऱ्यावरचे हसू दिसते, आवाजातली माया कळते. लेखी मेसेजमध्ये फक्त शब्द उरतात, आणि ते ऐंशी घरांत एकाच वेळी वाचले जातात.

याच वाक्प्रचाराचा गैरवापर कसा होतो?

न शिकलेला माणूस चुकून चुकतो. चांगले मराठी येणारे मात्र हाच वाक्प्रचार मुद्दाम चुकीचा वापरतात, आणि ती चूक जास्त महाग पडते.

समजा, सोसायटीतली एक बाई ओला आणि सुका कचरा रोज वेगळा करते आणि इतरांनाही तसे करायला सांगते. तिला कोणी म्हणाले, ‘झाले हिचे नाकाने कांदे सोलणे सुरू!’ इथे आव कुठे आहे? ती सांगते ते स्वतः करते. विसंगतीचा भाग नाही, म्हणून वाक्प्रचार बसत नाही. पण तो बसतो की नाही हे तपासायला कोणी थांबत नाही. सगळे हसतात, बाई गप्प होते आणि कचरा पुन्हा एकत्र जातो.

तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद करायला हा वाक्प्रचार फार सोयीचा आहे. म्हणून तो कोणी वापरला की आधी एकच प्रश्न विचारावा : हा माणूस जे सांगतो आहे, त्याच्या उलट वागतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ज्याने वाक्प्रचार वापरला त्याचेच चुकले.

कोण बोलतो यावर अर्थ बदलतो का?

बदलतो, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरणही कांद्याचेच आहे. ‘कांद्याने रडवले’ हे वर्तमानपत्रांचे आवडते शीर्षक. दिल्ली-मुंबईच्या ग्राहकासाठी त्याचा अर्थ कांदा महागला. १९९८ मध्ये दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत कांद्याची महागाई हा मोठा मुद्दा झाला आणि तिथले सरकार गेले, तेव्हा कांद्याने रडवले ते ग्राहकाला आणि सत्ताधाऱ्यांना.

निफाड तालुक्यात, लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात, तेच दोन शब्द उलटे होतात. तिथे ‘कांद्याने रडवले’ म्हणजे भाव पडला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले तेव्हा जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि भाव कोसळले. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. त्या काळात शहरातल्या ग्राहकाला कांदा रडवत नव्हता. ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला रडवत होता.

शब्द तेच, चित्र तेच, पण रडणारा बदलला की अर्थ उलटतो. म्हणून शब्दकोशातला अर्थ हे वाक्प्रचार शिकण्याचे पहिले पाऊल आहे, शेवटचे नाही.

ही अडचण फक्त मराठीचीच आहे का?

मुळीच नाही. हाँगकाँग आणि दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात बोलल्या जाणाऱ्या कँटोनीज भाषेत एक प्रसिद्ध वाक्प्रचार आहे : ‘गाई थुंग आप गोंग’. शब्दशः अर्थ, कोंबडी बदकाशी बोलते. दोघांची भाषा वेगळी, त्यामुळे एकाचे दुसऱ्याला कळत नाही, अशी स्थिती तो दाखवतो. याच नावाचा मायकेल हुई यांचा विनोदी चित्रपट १९८८ मध्ये हाँगकाँगमध्ये आला. त्याची गोष्ट बदक भाजून विकणारे जुने हॉटेल आणि समोरच उघडलेले तळलेल्या कोंबडीचे नवे दुकान यांच्या चढाओढीची. वाक्प्रचार माहीत असलेल्या प्रेक्षकाला शीर्षकातच हसू येते.

शिकणारा इथेही फसतो. दोन माणसांचे भांडण झाले, मतभेद झाले, तर ती कोंबडी-बदकाची गोष्ट नव्हे, कारण भांडणाऱ्यांना एकमेकांचे म्हणणे चांगलेच कळलेले असते. हा वाक्प्रचार लागतो तो एकमेकांचे बोलणेच पोहोचत नाही तेव्हा. शिवाय कँटोनीजमध्ये सूर बदलला की शब्द बदलतो, त्यामुळे शब्द पाठ करून भागत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकावेच लागते. कोजागरीनंतरच्या सकाळी आमच्या ग्रुपवर झाले ते मात्र अगदी ‘गाई थुंग आप गोंग’ होते. एकीने कौतुक पाठवले, दुसरीला टोमणा मिळाला.

शाळेत शिकवलेले पुरत नाही का?

दहावीच्या मराठीच्या पेपरात ‘वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न ओळखीचा आहे. त्याची ठरावीक उत्तरेही ओळखीची : ‘राजूने नाकाने कांदे सोलणे योग्य नाही.’ वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. पण यात ‘नाकाने कांदे सोलणे’ काढून ‘चोरी करणे’ किंवा ‘उशिरा उठणे’ घातले तरी ते तितकेच शुद्ध राहते. म्हणजे राजूला नेमके काय म्हटले, हे लिहिणाऱ्यालाही कळलेले नाही.

चांगल्या वाक्याची कसोटी सोपी आहे. वाक्प्रचाराच्या जागी रिकामी जागा सोडली तरी वाचणाऱ्याला तो ओळखता आला पाहिजे. ‘स्वतः गृहपाठ माझ्या वहीतून उतरवतो आणि बाईंसमोर प्रामाणिकपणावर भाषण देऊन ______.’ इथे दुसरे काही बसतच नाही.

हा प्रश्न आता अधिक घरांचा झाला आहे. राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे २०२० च्या कायद्याने सक्तीचे झाले. अंबड-सातपूरच्या कारखान्यांमुळे आणि नव्या नोकऱ्यांमुळे इंदिरानगरसारख्या भागात खानदेशातून आलेली अहिराणी बोलणारी आणि परराज्यांतून आलेली कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. ज्या मुलांच्या घरात आजीच्या तोंडून वाक्प्रचार ऐकू येत नाहीत, त्यांना ते फक्त यादीतून मिळतात, आणि यादीत नाते नसते.

मग शिकायचे कसे?

एक : अर्थासोबत एक खरे ऐकलेले वाक्य लिहून ठेवा. कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटले हेही लिहा. वही नको असेल तर फोनमधल्या नोट्स पुरेत.

दोन : वाक्प्रचारापुढे खूण करा : कौतुक, टोमणा की दोन्हीही नाही. शंका असेल तर टोमणा समजून चाला.

तीन : कोशात शोधताना आधी मुख्य नाम पाहा. आपला वाक्प्रचार ‘कांदा’पेक्षा ‘नाक’खाली शोधणे बरे. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी संपादित केलेला ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ १९४० च्या दशकात दोन भागांत निघाला. मराठी वाक्प्रचारांसाठी तो आजही आधाराचा आहे.

चार : नवा वाक्प्रचार पहिल्यांदा वापरायचा तो समोरासमोर आणि जवळच्या माणसासोबत. चूक झाली तर तिथल्या तिथे कळते. ग्रुपवर, भाषणात किंवा साहेबांना लिहिलेल्या ईमेलमध्ये पहिला प्रयोग नको.

पाच : ज्यांची भाषा पक्की आहे त्यांनी हसण्याआधी सांगावे. चुकीच्या वाक्प्रचाराला ग्रुपवर हसणारी चिन्हे पाठवायला एक सेकंद लागतो. त्यापेक्षा एक खासगी मेसेज जास्त उपयोगी : ‘तुला बहुधा हातचा मळ म्हणायचे होते.’

त्या मेसेजचे पुढे काय झाले?

असा खासगी मेसेज त्या मुलीला संध्याकाळी गेला. अर्थ वाचून ती हादरली आणि तडक काकूंच्या दारात गेली. ‘काकू, मला वाटलं, कांदे इतके भराभर सोलता म्हणून तसं म्हणतात.’ काकू क्षणभर गप्प राहिल्या आणि मग हसल्या. म्हणाल्या, ‘अगं, नाकानं कुठले सोलते! हातानं सोलले आणि तीन तास डोळे पुसत बसले.’ मग आत बोलावून चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी काकू ग्रुपमध्ये परत आल्या. दिवाळीच्या फराळाचे ठरवताना कोणीतरी विचारले, चकल्या कोण करणार? त्या मुलीने लिहिले, ‘चकल्या म्हणजे काकूंच्या हातचा मळ.’ या वेळी तिने पाठवण्याआधी दोघींना विचारून घेतले होते.